स्वयंपाकघरातला फोन आधी नीट कर

॥ श्री ॥

दापोली,
कोजागिरीनंतरचा रविवार

चि. सौ. मुक्ता हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुम्ही सगळे खुशाल आहात, ईरा आता भिंतीला धरून पावलं टाकायला लागली, हे तुझ्या आईकडून, म्हणजे आमच्या ताईकडून कळलं. इकडे आम्हीही बरे आहोत. भातकापणी उरकत आली. परतीच्या पावसाने यंदा धावपळ करायला लावली, पण पेंढा तेवढा भिजला, दाणा वाचला. मामीने तुझ्यासाठी आमसुलं आणि फणसपोळी भरून ठेवली आहे. नोव्हेंबरात ताई तुझ्याकडे येईल तेव्हा तिच्याबरोबर देतो. ईरासाठी सुती झबली शिवायला घेतली आहेत. तिकडच्या थंडीत ती कशाची पुरणार, पण मामी ऐकत नाही.

परवा व्हिडिओवर बोलताना तू सहज म्हणालीस, स्वयंपाकघरातल्या फोनचा भिंतीतला सॉकेट खुर्ची लागून फुटलाय, पिन बसत नाही, दाबून धरली तर टोन येतो आणि सोडली की जातो. वर म्हणालीस, ‘जाऊ दे मामा, मोबाइल आहे ना!’ तू लगेच ईराकडे वळलीस, पण माझ्या डोक्यातून ते गेलं नाही. बोलण्यात सांगितलेलं विसरायला होतं, म्हणून सगळं सविस्तर लिहून काढतो आहे. हे पत्र शेजारी ठेवून काम कर.

बाळा, मला काळजी कशाची वाटते ते आधी सांगतो. तुझं घर व्हरमाँटच्या डोंगरात. मोबाइलला रेंज नाही, जे काही बोलणं होतं ते वाय-फायवरून, हे तूच मला सांगितलंस. हिवाळ्यात बर्फाच्या ओझ्याने झाड तारांवर पडलं आणि वीज गेली, की वाय-फाय बंद. म्हणजे हातातला मोबाइल असून नसल्यासारखा. जावईबापू आठवड्यातले निम्मे दिवस बाहेरगावी, तू कॉलेजात, आणि घरात कोण? तर ताई आणि चालायला शिकणारं पोर. ताईला मोबाइलवर आलेला फोन घेता येतो, पण स्वतःहून लावायचा म्हटला की ती गोंधळते. भिंतीवरचा फोन मात्र तिच्या हातातला आहे. उचलायचा, बटणं दाबायची, बोलायचं.

आणि त्या फोनचा गुण असा की तो तुझ्या घरच्या विजेवर चालतच नाही. एक्स्चेंजमध्ये मोठ्या बॅटऱ्यांची रांग असते, तिचे 48 व्होल्ट तांब्याच्या दोन तारांतून थेट तुझ्या स्वयंपाकघरापर्यंत येतात. गावात अंधार असला तरी एक्स्चेंजच्या बॅटऱ्या चालू असतात आणि त्यांच्या पाठीशी जनरेटर असतो. शिवाय त्या फोनवरून 911 लावला की समोरच्या माणसाला घराचा पत्ता आपोआप दिसतो. घाबरलेल्या माणसाला परमुलखातला पत्ता इंग्रजीत सांगत बसावं लागत नाही. ताईसाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे ते तुझ्या लक्षात येईल.

2020 च्या जूनमध्ये इथे निसर्ग वादळ आलं तेव्हाचं आठवतं ना तुला? दापोली-मंडणगडात वीज गेली, टॉवर बंद पडले, आणि आमची काहीच खबर लागेना म्हणून तू तिकडे रडकुंडीला आली होतीस. माडाची झाडं आडवी, रस्ते बंद, आणि जवळची माणसं सुखरूप आहेत की नाहीत हे कळायला मार्ग नाही. तशी वेळ तुझ्या घरात यायला नको.

तेव्हा पहिलं काम. सॉकेट आणायला दुकानात जाण्यापूर्वी तुझी लाइन खरोखर तांब्याची आहे का ते बघून घे. हल्ली पुष्कळ ठिकाणी फोन मॉडेममधून देतात. घरातला सॉकेट तोच, फोनही तोच, पण मागची गंमत सगळी विजेवर चाललेली. दिवसाउजेडी घराचा मेन स्विच थोडा वेळ बंद कर आणि तारेचा साधा फोन चालू असलेल्या सॉकेटला लावून उचल. टोन आला तर उत्तम. नाही आला तर कंपनीला बॅटरी बॅकअपबद्दल विचार, आणि ती बॅटरी किती तास टिकते तेही विचार. कॉर्डलेस फोनवर ही परीक्षा करू नकोस. त्याचा तळ विजेवर चालतो, तो बंदच पडणार.

दुसरं काम, दोष कुठे आहे ते नक्की करणं. घराच्या बाहेरच्या भिंतीवर, विजेच्या मीटरजवळपास, एक करड्या रंगाचा प्लास्टिकचा डबा असेल. त्याला दोन कप्पे असतात. एक कंपनीचा, तो उघडायचा नाही. दुसऱ्यावर ग्राहकाचा कप्पा असं इंग्रजीत लिहिलेलं असतं, तो साध्या स्क्रू ड्रायव्हरने उघडतो. आत एक आखूड तार छोट्या सॉकेटमध्ये खोचलेली दिसेल. ती काढलीस की घरातलं सगळं वायरिंग बाहेरच्या लाइनपासून सुटं होतं. त्या रिकाम्या सॉकेटला फोन लावून बघ. तिथे टोन स्वच्छ असेल तर दोष घरात. तिथेच खरखर असेल किंवा टोनच नसेल, तर दोष बाहेरचा, तो कंपनीने काढायचा. तू आत कितीही सॉकेट बदललेस तरी उपयोग नाही.

आमच्या टेलिफोन खात्यातही हीच शिकवण होती. तक्रार आली की आधी रस्त्यावरचा पिलर, मग तारा वाटणारा डीपी, मग घरातली रोझेटची पेटी, असं टप्प्याटप्प्याने तपासत जायचं. पावसाळ्यात शिशाच्या आवरणाच्या जुन्या केबलींत पाणी शिरायचं. आत तारांना कागद गुंडाळलेला, तो भिजला की अख्ख्या आळीचे फोन एका रात्रीत मुके. लोक वैतागून आपापल्या घरातली पेटी उघडून बसायचे आणि दोष असायचा कोपऱ्यावरच्या खड्ड्यात. म्हणून सांगतो, आधी बघ आणि मगच हात घाल.

आता तू विचारशील, की असं आपणच उघडून बघितलेलं तिकडे चालतं का? चालतं. पूर्वी अमेरिकेतही फोनचं यंत्र आणि घरातल्या तारा कंपनीच्या मालकीच्या असत, दुसरं काही जोडायला मनाई होती. 1968 साली कार्टरफोन नावाच्या यंत्राबद्दलच्या निकालाने ती मनाई सैल झाली. 1984 मध्ये बेल कंपनीची विभागणी झाली, आणि त्या दशकात घराच्या आतलं वायरिंग ग्राहकाच्या ताब्यात आलं. बाहेरच्या डब्यापर्यंत कंपनी, तिथून आत तू. म्हणूनच घरातल्या कामाला त्यांचा माणूस आला तर त्याचे वेगळे पैसे पडतात. घर तुमचं स्वतःचं आहे, तेव्हा कुणाला विचारायचाही प्रश्न नाही.

सामान थोडकंच लागतं. तुझा फोन भिंतीवर टांगलेला आहे, तेव्हा हार्डवेअरच्या दुकानात वॉल फोनची प्लेट माग. तिच्या मधोमध सॉकेट असतो आणि वर-खाली फोन अडकवायला बटणासारखे दोन खुंट. टेबलावरच्या फोनचा साधा सॉकेट आणलास तर फोन टांगता यायचा नाही. किंमत काही डॉलर. एक स्क्रू ड्रायव्हर, वायर सोलायचं कटर आणि टॉर्च एवढं जवळ ठेव. मल्टिमीटर असला तर फारच छान.

काम सुरू करण्याआधी बाहेरच्या डब्यातली ती आखूड तार काढून ठेव आणि काम होईपर्यंत काढलेलीच राहू दे. हे विसरायचं नाही. 48 व्होल्टने एरवी काही होत नाही, पण नेमका त्याच क्षणी कुणाचा फोन आला तर घंटी वाजवायला 90 व्होल्टच्या आसपास वीज तारेतून येते आणि चांगला झटका बसतो. झटक्यापेक्षा दचकून स्टुलावरून पडण्याची भीती जास्त. आभाळ गडगडत असेल तर त्या दिवशी तारांना हातच लावायचा नाही. आणि ईराला दुसऱ्या खोलीत कुणाजवळ तरी ठेव. तांब्याचे कापलेले तुकडे आणि छोटे स्क्रू तोंडात घालायचं तिचं वय आहे.

फोन दोन्ही हातांनी धरून वर सरकव, तो खुंटांवरून सुटेल. मग जुन्या प्लेटचे दोन स्क्रू काढ आणि प्लेट हलक्या हाताने पुढे ओढ. ओढाताण करू नकोस, मागे तारेची लांबी बेताचीच असते. मागे चार स्क्रू दिसतील आणि त्यांना लाल, हिरवी, काळी, पिवळी अशा तारा बांधलेल्या असतील. इथे थांब आणि मोबाइलवर फोटो काढ. एक पुरेसा नाही. वरून, बाजूने, रंग स्पष्ट दिसतील असे काढ. कुठली तार कुठे होती हे आठवणीवर सोडायचं नाही.

तुझ्या कामाच्या तारा फक्त दोन, लाल आणि हिरवी. काळी-पिवळी ही दुसऱ्या लाइनची जोडी, बहुतेक घरांत ती रिकामीच असते. पण जुन्या घरांत एक गोष्ट बघून घ्यावी लागते. पूर्वी काही फोनांच्या डायलमध्ये दिवा असायचा आणि त्याला वीज या काळ्या-पिवळ्या जोडीतून द्यायचे. तळघरात कुठेतरी प्लगला लावलेला छोटासा जुना ट्रान्सफॉर्मर दिसला आणि त्याची तार फोनच्या वायरिंगकडे गेली असेल, तर तो प्लगमधून काढून ठेव. आज त्याचा काही उपयोग नाही.

भिंतीतून आलेली तार नव्या पद्धतीची असली तर लाल-हिरवी सापडणार नाही. तिथे निळी आणि पांढरी-निळी जोडी दिसेल. पांढऱ्यावर निळा पट्टा असलेली तार हिरव्याच्या जागी आणि निळी तार लालच्या जागी. हा क्रम तुला मी सांगायची गरज नाही खरं तर. मे महिन्याच्या सुट्टीत तू माझ्याबरोबर सायकलवर पुढे बसून केबलच्या खड्ड्यापाशी यायचीस आणि मी जोड्या लावत असताना पाढा म्हटल्यासारखी म्हणायचीस, निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, करडा! पंचवीस जोड्यांच्या केबलचा तोच रंगक्रम तिकडे अमेरिकेतही आहे. तुझ्या तोंडात बसलेला पाढा आहे तो, आता उपयोगी पडेल.

एकाच स्क्रूखाली त्याच रंगाच्या दोन तारा दिसल्या तर गोंधळू नकोस. माळेतल्या मण्यांसारखे सॉकेट एकापुढे एक जोडलेले असतात. एक तार बाहेरून आलेली, दुसरी पुढच्या खोलीकडे गेलेली. दोन्ही नव्या स्क्रूखाली एकत्रच बांधायच्या. एक सुटी राहिली तर पुढचे सगळे फोन बंद पडतील आणि तू नवा सॉकेट बिघडलेला निघाला म्हणून दुकानात परत जाशील.

आता जुन्या स्क्रूंवरून तारा सोडव. टोकं काळी पडली असली, हिरवट गंज असला किंवा वाकून वाकून कमजोर झाली असली, तर तेवढं टोक कापून टाक आणि सुमारे अर्धा इंच नवं तांबं उघडं कर. कटर तारेला लागू देऊ नकोस. ही तार एकसंध तांब्याची, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीची. तिला जरा चीर पडली की आज चालते आणि महिन्या-दोन महिन्यांत आतल्या आत तुटते. असा दोष शोधताना भलेभले लाइनमन दमतात. सोललेलं टोक लखलखीत दिसलं पाहिजे.

स्क्रू ज्या दिशेने आवळतो त्याच दिशेने तार त्याच्याभोवती वळव, म्हणजे आवळताना ती आत ओढली जाते. उलटी वळवलीस तर बाहेर सरकते. तार वॉशरखाली नीट बसली पाहिजे, प्लास्टिकचं आवरण वॉशरखाली जाता कामा नये, आणि एका तारेचं उघडं तांबं शेजारच्या तारेला चिकटता कामा नये. लाल आणि हिरवी एकमेकींना लागल्या की एकाच सॉकेटपायी घरातले सगळे फोन मुके होतात. स्क्रू घट्ट कर, पण जोर लावून आटे झिजवू नकोस. रिकामी जोडी कापून टाकू नकोस, गुंडाळून मागे ठेव. पुढे कधी लाल-हिरवी तुटली तर ती कामाला येते.

प्लेट भिंतीला लाव, पिन खट् आवाज येईपर्यंत बसव आणि फोन टांग. मग बाहेर जाऊन ती आखूड तार परत खोच आणि डबा नीट बंद कर, नाहीतर आत पाणी जाईल. मल्टिमीटर असेल तर फोन ठेवलेला असताना लाल-हिरव्यात पन्नासच्या आसपास व्होल्ट दिसतील. उचलला की ते दहाच्या खाली येतात. नसेल तर कान पुरे. टोन स्वच्छ हवा, मागे गुणगुण नको. कुणाला तरी फोन लाव आणि त्याला उलटा करायला सांग, म्हणजे घंटी वाजते की नाही तेही कळेल. एखाद्या फार जुन्या बटणांच्या फोनवर टोन आला पण नंबर लागेना, तर लाल-हिरवी अदलाबदल कर. इंटरनेट याच तारेतून येत असेल, तर फोन आणि सॉकेट यांच्यामध्ये फिल्टर लावायला विसरू नकोस.

कुठे थांबायचं तेही सांगतो. उघडल्यावर आत जाड, विजेच्या तारा दिसल्या, तर प्लेट तशीच ठेव आणि इलेक्ट्रिशियनला बोलाव. भिंत ओली लागली तर आधी पाणी कुठून येतं ते बघ. घराला चोरीचा अलार्म असेल, तर त्याच्या पेटीजवळचा आठ तारांचा सॉकेट वेगळा असतो, त्याला हात लावू नकोस. घर 1978 च्या आधीचं असेल तर जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता आहे. प्लेटच्या कडेचा रंग खरवडू नकोस, धूळ उडवू नकोस, काम झालं की ओल्या फडक्याने पुसून घे. घरात रांगतं पोर आहे म्हणून हे मुद्दाम लिहितो.

मुक्ते, तुझी आई लहान होती तेव्हा आमच्या आळीत एकाच घरी फोन होता. लोक आपल्या कागदावर त्यांचा नंबर पी. पी. म्हणून लिहीत आणि फोन आला की त्यांचा मुलगा हाक मारत धावत यायचा. मुंबईला ट्रंक कॉल लावायचा तर नंबर नोंदवून तासन् तास वाट बघायची. घरात फोन यायला लोक वर्षानुवर्षं थांबायचे. पुढे मी खात्यात लागल्यावर ज्या घरी फोनची तार नेऊन पोचवली, तिथे पहिल्यांदा टोन ऐकून माणसांचे चेहरे कसे उजळायचे ते मी पाहिलं आहे. म्हणून चालू स्थितीतली लाइन एका फुटक्या प्लास्टिकपायी पडून राहिली, तर मला चैन पडत नाही.

काम तुझ्या आवाक्यातलं आहे. घाई केली नाहीस तर एखाद्या सुट्टीच्या सकाळी होऊन जाईल. जावईबापू घरी असतील तेव्हा कर, एकाने टॉर्च धरायची आणि एकाने तारा लावायच्या. झाल्यावर फोनशेजारी मोठ्या अक्षरांत एक कागद चिकटव. वर 911, खाली तुझा कॉलेजचा नंबर, जावयांचा नंबर, शेजारणीचा नंबर. ताई आली की पहिल्याच दिवशी तिच्याकडून तुला एकदा फोन करवून घे, म्हणजे तिचीही भीड चेपेल.

आमची काळजी करू नकोस. माझा गुडघा आता बरा आहे, मामीचा डोळा पुढच्या महिन्यात दाखवायचा आहे. ओटीवर नव्या माडाची रोपं आणून ठेवली आहेत, दिवाळी झाली की लावू. जावईबापूंना आशीर्वाद, ईराला खूप खूप पापे.

नोव्हेंबरात बर्फ पडायला लागतं म्हणतेस. त्याआधी, ताईच्या तिकिटाच्या तारखेआधी, हे काम उरकून टाक. आणि सॉकेट बसला की पहिला फोन त्यावरूनच आम्हाला कर. पैसे पडले तर पडू देत. तुझी सकाळ म्हणजे आमची संध्याकाळ, आम्ही घरीच असतो. मला त्या तारेवरून तुझा आवाज ऐकायचा आहे.

तुझा,
मामा